जळगावातील नाट्यपद-लेखन कार्यशाळा : एक अभिप्राय

जळगावातील एका हौशी नाट्यसंस्थेने नुकत्याच घेतलेल्या दोन दिवसांच्या नाट्यपद-लेखन (म्हणजे नाटकात पात्रांनी गायची गाणी लिहिण्याच्या) कार्यशाळेविषयी हा अभिप्राय आहे. शुल्क ७०० रुपये होते आणि त्यात दोन्ही दिवसांचे जेवण धरलेले होते. कवितेची शिबिरे खानदेशात अधूनमधून होतच असतात. परंतु पात्राने बोलता बोलता गाऊ का लागावे येथपासून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोणते अक्षर यावे येथपर्यंतचे तंत्र पेटी समोर ठेवून शिकवणारी कार्यशाळा निदान माझ्या पाहण्यात आलेली नव्हती.

पहिल्या दिवसाची सकाळ सर्वांत कसदार होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा साकी, दिंडी, लावणी अशा प्रेक्षकांच्या कानांत बसलेल्या चालींवर पदे रचली होती, आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांनी रागदारीतील चिजा (बंदिशी) पुरवल्यावर नाटककार खाडिलकरांना शब्द त्या साच्यात बसवावे लागले, हे मार्गदर्शकांनी आधी स्पष्ट केले. चाल आधी आणि शब्द नंतर हा क्रम ऐकून काही कवींच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण पुढील सारे शिक्षण त्यावरच उभे होते. ‘एकच प्याला’ची पदे नाटककार गडकऱ्यांनी नव्हे, तर वि. सी. गुर्जरांनी लिहिली, हे उदाहरणही नेमके होते. कारण दुसऱ्याने घडवलेल्या पात्राच्या तोंडी आपले शब्द घालताना पदकाराला स्वतःची कवितेची हौस बाजूला ठेवावी लागते.

त्यानंतर नाटकातील एक प्रवेश, त्यातले पद वगळून, सर्वांना वाचायला दिला आणि पद कोठे यावे, ते कारणासह लिहून मागितले. बहुतेकांनी भावनेचा कडेलोट होतो त्या वाक्यानंतर खूण केली. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की पात्राचा निर्णय अजून झालेला नसतो ती जागा पदाची, कारण पद संपल्यावर कथा होती तेथेच उभी राहणार असेल, तर दिग्दर्शक तालमीतच ते कापतो आणि त्याचे चुकतही नाही. ही एक गोष्ट ऐकण्यासाठी पूर्ण शुल्क भरावे, असे माझे मत आहे.

दुपारी उच्चाराचा भाग झाला. बोलताना आपण ‘मन’ या शब्दाचा शेवटचा अकार गिळतो, पण सुरावर तोच ‘न’ पूर्ण उच्चारावा लागतो. तान घेण्याच्या जागी आकार असला तर गायकाचा गळा मोकळा राहतो, तर तारसप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, इकार-उकार आवळले जातात. द्रुत लयीत जोडाक्षरांची रांग लागली की शब्द ऐकूच येत नाहीत. हे नुसते सांगितले नाही, तर आमच्यातल्याच एकीने लिहिलेली ओळ गायिकेकडून दोन प्रकारे गाऊन घेतली, आणि कागदावर देखणी वाटलेली ती ओळ पहिल्या प्रकारात कशी गुदमरली हे सर्वांनी ऐकले.

दुसऱ्या दिवशीचा अभ्यास खास आपल्या भागाचा होता. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे म्हटल्या जाणाऱ्या गुलाबाईच्या गाण्यांची चाल घेऊन तीवर नाटकातील भांडणाचे पद अहिराणीत लिहायचे होते. प्रश्नोत्तरांनी पुढे सरकणारी ती रचना संवादी पदाला चपखल बसते, ही निवड मला फार आवडली. अडचण मात्रांची आली (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन). प्रमाण मराठीतील ‘मला’ तीन मात्रांचा, तर अहिराणीतील ‘माले’ चार. उलट ‘आहे’ चार मात्रा घेतो आणि ‘शे’ दोनच. त्यामुळे आधी प्रमाण मराठीत लिहून मग अहिराणी करणाऱ्यांच्या ओळी तालातून सुटल्या, आणि घरात अहिराणी बोलणाऱ्या गृहिणींनी प्राध्यापक मंडळींना सहज मागे टाकले. (ते पाहण्यात मला थोडा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.)

उणीव पुनर्लेखनाची होती, आणि ती गंभीर आहे. नाटकाचे पद तालमीत गायक, दिग्दर्शक आणि संगीतकार यांच्यासमोर बदलत जाते, हे स्वतः मार्गदर्शकांनीच सांगितले होते. तरीही पेटीवादक दुसऱ्या दिवशी दुपारीच निघून गेले आणि आमची पदे नुसती वाचून दाखवण्यात आली. वाचलेल्या पदावर मिळालेली दाद ही कवितेला मिळालेली दाद असते. शिवाय सहभागी इतके होते की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे आली. जेवणाबद्दल तक्रार नाही. वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी उत्तम होती.

नाटकासाठी खरोखर लिहू इच्छिणाऱ्यांनी या कार्यशाळेला जावे, मात्र नाव नोंदवण्यापूर्वी साथीदार शेवटपर्यंत थांबणार आहेत का आणि प्रवेश किती जणांना दिला आहे, हे आयोजकांना विचारून घ्यावे. केवळ गझल किंवा मुक्तछंद लिहिणाऱ्यांना पहिल्या दिवसाची दुपार पुरेशी आहे; फक्त त्या दिवसापुरता प्रवेश देण्याची सोय संस्थेने केल्यास ती उपयोगी पडेल.