घरातल्या पीसीसाठी विंडोजचा रिमोट डेस्कटॉप की क्रोमचा?

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हॉलमधून आतल्या खोलीतला पीसी चालवायचा, तर माझं मत विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपला. चित्र स्वच्छ, माउस अडखळत नाही. अट एकच: त्या पीसीवर विंडोज प्रो हवं, होमवर चालत नाही. काल कनेक्शन लागत होतं, आज लागत नाही? बहुतेक राउटरने पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) बदललेला असतो. तो त्या पीसीसाठी राउटरमध्येच राखून ठेवा. हॉलमधला लॅपटॉप गेस्ट वायफायवर नाही ना, तेही बघा; पाहुण्यांसाठीच्या त्या वेगळ्या नेटवर्कवरून घरचा पीसी सहसा दिसत नाही.

हिंजवडीच्या ऑफिसातून घरचा पीसी हवा असेल तर क्रोमच बरा. गूगल खातं आणि पिन, बस्स. आईबाबांना काही दाखवायचं तरी हाच, कारण विंडोजवाल्यात त्यांची स्क्रीन लॉक होते. स्लीपमध्ये गेलेला पीसी मात्र दोन्हींना सापडत नाही. आणि कृपा करून ३३८९ पोर्ट, म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ज्या दारातून चालतो ते, राउटरवर इंटरनेटला उघडं ठेवू नका.