डिक्शनरी ॲप चांगलं, पण 'हॅझर्ड'ला माती खाल्ली (३ स्टार)

वर्षाला १९९ रुपये भरून हे इंग्लिश-मराठी ॲप घेतलंय, अकरा महिने झाले. नेट नसलं तरी चालतं आणि आमच्या शॉप फ्लोअरवर रेंजच नसते त्यामुळे मला फार कामाचं. तक्रार एकाच शब्दाची, हॅझर्ड.

झालं असं, कंपनीत सेफ्टीचं 'हिरा' असतं, म्हणजे हॅझर्ड आयडेंटिफिकेशन अँड रिस्क असेसमेंट, त्याचे फॉर्म कामगारांसाठी मराठीत करायला माझ्या गळ्यात पडले. ॲपमध्ये हॅझर्ड टाकलं तर 'धोका, संकट'. रिस्क टाकलं, 'धोका, जोखीम'. डेंजर, पेरिल, परत धोकाच. मी पण डोकं न लावता दोन्ही कॉलमला 'धोका' लिहून मोकळा. सेफ्टीच्या मॅडमनी मला प्रेसजवळ नेलं, खाली ऑइल सांडलेलं, म्हणाल्या हे ऑइल म्हणजे हॅझर्ड, आणि यावरून कोणी घसरायची शक्यता किती अन् पडला तर लागेल किती, ती रिस्क. हेच ऑइल कुलूप लावलेल्या खोलीत सांडलं तर हॅझर्ड तोच, रिस्क जवळपास नाही. एवढं एक उदाहरण ॲपमध्ये टाकलं असतं तर माझे २० फॉर्म परत प्रिंट करायला लागले नसते!

शेवटी हॅझर्डला 'धोक्याचं कारण' आणि रिस्कला 'जोखीम' केलं, तर आमचे एक जुने काका विचारतात, जोखीम म्हणजे दागिने ना रे? चूक नाही त्यांचं, माझी आजी पण एसटीत बसली की 'अंगावर जोखीम आहे, झोपू नकोस' म्हणायची. हा अर्थ ॲपमध्ये नाहीच. आणि यूपीची पोरं 'धोका'ची पाटी बघून हसतात, किसने दिया म्हणून, त्यांच्यासाठी खाली 'खतरा' लिहावं लागलं.

हॅझर्ड लाइटचं तर 'धोकादायक दिवे' केलंय. अहो दिवे धोकादायक नाहीत, गाडी बंद पडून रस्त्यात उभी आहे हे मागच्याला सांगायला असतात ते. अर्थात एक्स्प्रेसवेच्या बोगद्यात शिरलं की लोक ते त्रिकोणाचं बटण दाबून चारही इंडिकेटर लुकलुकवत पळवतात, मागच्याला कळत नाही हा लेन बदलतोय का सरळ चाललाय, ते बघता बरोबरच केलंय म्हणा.

शब्द कुठून आला हा भाग मात्र भारी आहे. हॅझर्ड मूळचा फाशांचा जुगार, फ्रेंचमधून इंग्लिशमध्ये आलेला, हे मला इथेच कळलं. आणि उच्चार ऐकून ऐकून माझं 'हझार्ड' म्हणणं सुटलं.

सपोर्टला मेल केलेला, 'सूचना नोंदवली आहे' असं उत्तर आलं, पाच महिने झाले, धोका जिथल्या तिथे. रिन्यू करणार आहेच, रेंज कुठे आहे आमच्याकडे.