‘सगळ्या गाड्यांना बसतं’ म्हणणाऱ्याकडून रूफ रॅक घेऊ नका

31,400 रुपये गेले. रॅकचे, म्हणजे गाडीच्या छतावर सामान बांधायच्या आडव्या दांड्यांचे (बारचे), 24,500 आणि कयाक (लांबट, अरुंद होडी) ठेवायच्या दोन जे-क्रेडलचे, म्हणजे J आकाराच्या आधारांचे, 6,900. तुमचे तरी जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

जाहिरात नामांकित परदेशी कंपनीच्या रॅकची. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: ‘शेवटचे दोन सेट’, व्हॉट्सॲपवर गोड बोलणं, यूपीआयवर सगळे पैसे आधी. मी डोळे मिटून पैसे पाठवले नव्हते. व्हिडिओ कॉलवर माल बघितला, जीएसटी नंबर असलेलं बिल मागून घेतलं. आणखी किती खात्री करायची माणसानं? तो 15 अक्षरी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. माझ्या बिलावरचा नंबर खरा निघाला, पण भलत्याच दुकानाचा.

डोक्यातून जात नाही ते विकणाऱ्याचं एक वाक्य. माझ्या गाडीच्या छताला रेल (दोन्ही कडांच्या उभ्या पट्ट्या, ज्यांना रॅक पकडतो) नाहीत. अशा छतावर रॅकचे पाय दाराच्या चौकटीत अडकवलेल्या पट्ट्यांनी आवळले जातात, आणि त्या चौकटीचा बाक प्रत्येक मॉडेलचा निराळा. म्हणून चांगल्या कंपन्या गाडीच्या मॉडेलनुसार वेगळं फिटिंग किट देतात, त्याला स्वतःचा नंबर असतो. मी तो नंबर विचारलाही होता! उत्तर आलं, “सर, युनिव्हर्सल आहे, सगळ्या गाड्यांना बसतं.” संशय यायला हवा होता तो इथेच. पण समोरचा इतक्या ठामपणे बोलत होता की कुणीही विश्वास ठेवला असता.

दुसरी थाप, ‘150 किलो भार घेतो’. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये छताची मर्यादा 75 किलो आहे, तीही रॅकचं वजन धरून. उभ्या गाडीचा आकडा चालत्या गाडीचा म्हणून खपवतात. मॅन्युअल आधी वाचा.

खोक्यातून निघालेल्या पायांचं रबर छतावर नीट टेकतच नव्हतं. दोन कोपरे टेकलेले, मधल्या फटीतून पलीकडचं दिसत होतं. पट्ट्या पूर्ण आवळून हातानं ढकललं, तर अख्खा बार अंगठाभर सरकला. यावर पाच मीटरची कयाक चढवून हायवेला निघालो असतो आणि वाऱ्यानं ती उचलली असती, तर मागच्या गाडीतल्यांचं काय झालं असतं? (रॅक अस्सल असला तरी कयाकची पुढची-मागची टोकं दोरीनं गाडीला बांधाच.)

आणि दाद कुठे मागायची? पोलीस चौकीत म्हणाले, “माल मिळाला ना? मग ही फसवणूक कसली, हा दिवाणी मामला.” बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ज्या साइटवर जाहिरात होती ती म्हणते, व्यवहार आमच्याबाहेर झाला. पण जाहिरातीचे पैसे घेतले ते कुणी? ग्राहक कायदा 2019 चा. आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि बिलावरचा पत्ता खोटा. चौकीतून बँकेत, बँकेतून पुन्हा चौकीत. खातं कुणाचं हे बँकेला माहीत आहे, पण मला सांगणार नाहीत, आणि पोलीस विचारणार नाहीत. गुन्हेगार मी आहे का?

पैसे गेल्याचं कळताच, चौकीत जायच्याही आधी, 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. रक्कम पुढे सरकली की गोठवणं अवघड होतं. खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा. चॅट पुसू नका.

तीच जाहिरात आता नव्या नावानं चालू आहे. फोटो तेच, किंमत 19,900.