आर्टचा तास वेगळा, सायन्सचा वेगळा, की दोन्हीची एकच वही?

लेक साडेपाच वर्षांची असताना आम्ही तिला घरीच शिकवायचं ठरवलं, आता ती सात पूर्ण करेल. भाषा-गणिताचं काय करायचं ते लवकर ठरलं पण चित्रकला आणि विज्ञान यावर नवऱ्याचं आणि माझं बरेच दिवस घोळत राहिलं. त्याचं म्हणणं टाइमटेबल लावू, दोन दिवस सायन्स, दोन दिवस ड्रॉइंग. माझं म्हणणं या वयात दोन्हीसाठी एकच वही पुरते. शेवटी पहिले चार महिने त्याच्या पद्धतीने केलं, मग वर्षभर वहीने, आणि मध्ये दोन-तीन तयार किटही आणून बघितली. तुमच्यापैकी कोणी आत्ता याच विचारात असेल तर आमचा अनुभव सांगते.

वेगळ्या तासांचा फायदा खराच आहे. सामान आदल्या रात्री काढून ठेवता येतं, पाणी, हवा, चुंबक, आवाज असं क्रमाने जाता येतं, काही सुटत नाही. दोघंही नोकरी करत असाल आणि दिवसा मूल आजीकडे असेल तर मला वाटतं हेच झेपेल, कारण आजीला सांगून जाता येतं की आज हा डबा उघडा, एवढं करा. आमच्याकडे अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. सायन्सच्या तासाला मी बोलायचे आणि ती ऐकायची. मुंगीला सहा पाय असतात हे तिला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगला तिने मुंगी काढली तर पाय चार, दोन पुढे दोन मागे, अगदी कुत्र्यासारखे. म्हटलं, अगं सहा असतात ना? तर म्हणाली, "आई, ते सायन्समध्ये." त्या दिवशी मी वही आणली.

वहीत काय करायचं तर जे बघायचं ते आधी काढायचं आणि मग बोलायचं. खिडकीत मेलेली मुंगी सापडली, ती पांढऱ्या बशीत घेतली, हातात साधं भिंग दिलं. डोकं काढलं, मधला भाग काढला, मागचं पोट काढलं आणि पायांपाशी अडली, की हे निघतात कुठून? बोलताना हा प्रश्न येतच नाही, सहा म्हटलं की झालं, पण पेन्सिल टेकवली की रेघ कुठूनतरी सुरू करावीच लागते. परत भिंग लावलं, खूप वेळ बघत बसली आणि सांगितलं की सगळे पाय मधल्या भागालाच आहेत, पोटाला एकही नाही. जास्वंदीचंही तसंच झालं. पाकळ्या पाच हे तिने लगेच काढलं, मधल्या दांडीच्या टोकाला पाच ठिपके असतात हे मात्र मलाच माहीत नव्हतं, तिने काढलं म्हणून मी बघितलं.

रंगांचं तर दोन्हीत कुठे धरायचं तेच कळत नाही. हळदीचं पाणी कागदाला फासून वाळवलं आणि ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून रेघ मारली की ती लाल उमटते, कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो ना, तसंच. वर लिंबू पिळलं की परत पिवळं. कुंकू हळद आणि चुन्यापासून करायचे ते याच गुणावर, हे आजीने तिला सांगितलं. असाच एक हळदीचा कागद तिने पिंपळाचं पान चिकटवून खिडकीला लावला होता, आठ-दहा दिवसांनी पान काढलं तर उन्हाने बाकीचा कागद फिका आणि पानाच्या जागी पिवळंधमक पान.

पण वहीची एक बाजू मला सहा महिन्यांनी दिसली आणि ती मी सगळ्यांना आवर्जून सांगते. निळा घोडा, घराएवढी चिमणी काढणारी मुलगी प्रत्येक चित्र दाखवून विचारायला लागली, "बरोबर आलंय का?" वहीत बघून काढायचं असतं ना, मग मनातलं काढायची तिला भीतीच वाटायला लागली. तेव्हा मी नवऱ्याचा ड्रॉइंगचा तास परत आणला, फक्त शनिवारी सकाळी, जमिनीवर मोठा कागद, पोस्टर कलर, समोर बघायला काही नाही आणि आम्ही कोणी एक प्रश्न विचारायचा नाही. दीड-दोन महिन्यांनी घोडे परत निळे झाले. म्हणजे सायन्सला चित्र लागतंच, पण चित्राला सायन्स प्रत्येक वेळी नको, त्याची स्वतःची जागा ठेवा. आणि चुंबक, आवाज, हवा असल्या न दिसणाऱ्या गोष्टी वहीत मागे पडतात, त्या आठवणीने घ्याव्या लागतात.

किटबद्दल फार नाही सांगत. दिलेलं जोडलं, दिवा लागला, खोकं कपाटात. तुम्हाला स्वतःला सायन्सची धास्ती असेल तर सुरुवातीला एखादं आणा, नाहीतर अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर टाकाऊतून करायची खेळणी फुकट बघायला मिळतात, मराठीतूनही. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्या घेऊन त्रिकोण आणि चौकोन करा, चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही, हे पोराच्या बोटांना कळतं.

नातेवाईक कायद्याचं विचारतातच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, ६ ते १४ वयासाठी, त्यात घरी शिकवण्याबद्दल स्पष्ट काही लिहिलेलं नाही. पुढे एनआयओएसमधून, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी देता येते, त्याला वय किमान १४ लागतं. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी आज ते डोक्यावर घेऊ नका.

वही घ्याल तर बिनरेघी आणि जाड कागदाची घ्या, साबणाच्या पाण्याने पातळ कागद फाटतो. खोडरबर लपवून ठेवा. तारीख आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत तुम्ही लिहा, उत्तर लगेच लिहू नका. मे महिन्यात गच्चीवर बाटली ठेवून तासातासाला तिची सावली खडूने काढायला लावा, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला ती सावली बाटलीखालीच जाते. गेल्या वर्षी लेकीने त्या दिवसाच्या पानावर नुसता एक गोल काढलाय.