संरक्षण अधिकारी आणि डीआयआर: चळवळीने मिळवून दिलेल्या एका मोफत सेवेचे परीक्षण

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याखाली सरकारने नेमलेला संरक्षण अधिकारी बाईची तक्रार ऐकून ‘डीआयआर’, म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल, भरून देतो आणि मॅजिस्ट्रेटकडे पाठवतो. या कामाला फी नाही आणि त्यासाठी वकील बरोबर न्यावा लागत नाही. बायकांसाठी सरकार चालवते त्या सगळ्या सेवांमध्ये ही सर्वात उपयोगी आणि सर्वात कमी वापरली जाणारी आहे, असे आमचे मत आहे. फॉर्म उत्तम आहे, कायदाही भक्कम आहे. माणसे मात्र कमी पडतात. त्यामुळे या सेवेतून काय पदरात पडेल हे बरेचसे फॉर्ममध्ये काय लिहिले आणि कोर्टाकडे नेमके काय मागितले यावर ठरते.

ही सेवा समजून घ्यायची तर ती कोणत्या भांडणातून आली ते माहीत असलेले बरे, कारण फॉर्ममधला जवळजवळ प्रत्येक रकाना त्या भांडणाची खूण आहे.

1887 साली मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना सांगितले होते, नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. अकराव्या वर्षी लावून दिलेले ते लग्न त्यांना मान्य नव्हते. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. नको असलेल्या घरात बाईला ढकलायला तेव्हा कायदा हजर होता. राहत्या घरातून तिला बाहेर काढले तर मात्र पुढची शंभर वर्षे तिच्यासाठी झटपट असे काहीच नव्हते. ते 2005 च्या कायद्याने दिले. कलम 17 सांगते की ज्या घरात ती राहते किंवा राहिली आहे तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो, आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येणार नाही.

मधली वाट महाराष्ट्रातूनच जाते. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी ठरवले, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. 1979 च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. 8 मार्च 1980 ला शहराशहरांत मोर्चे निघाले. त्याच वर्षांत हुंड्यापायी जाळलेल्या सुनांचा प्रश्न रस्त्यावर आला. पुण्यात 1982 मध्ये नारी समता मंच उभा राहिला. या सगळ्या रेट्याने 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला आणि नवऱ्याच्या व सासरच्या छळासाठी भारतीय दंड संहितेत कलम 498अ आले. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम 85 म्हणून आहे.

पण 498अ मध्ये एक मोठी फट राहिली. ते फौजदारी कलम आहे, त्यातून शिक्षा होते, छप्पर मिळत नाही. तक्रार दिली की सासरचे दार बंद होणार हे बाईला आधीच ठाऊक असे, म्हणून ती तक्रार द्यायचीच नाही. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवायची, ही कल्पना तिथून पुढे राज्यभर गेली. आजही संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्याआधी असा कक्ष जवळ असेल तर तिथे जावे. तिथे शांतपणे ऐकून घेतले जाते आणि तारखा जुळवून घेता येतात.

2002 मध्ये संसदेत जे पहिले विधेयक आले त्यात ‘सवयीने’ मारहाण करणारा तोच हिंसक, अशी व्याख्या होती. म्हणजे पहिल्या फटक्याला कायदा नाही. शिवाय स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी केलेली कृती हिंसा धरायची नाही, अशीही सवलत होती. स्त्री संघटनांनी त्या विधेयकाला कडाडून विरोध केला आणि ते मंजूर झालेच नाही. लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेने संघटनांशी बोलून मसुदा तयार केला होता, त्याच धर्तीवर 2005 चा कायदा झाला. ‘सवयीने’ हा शब्द गेला. आता एक घटनाही पुरते, आणि हिंसेचे चार प्रकार मोजले जातात: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक.

हे चार प्रकार डीआयआरमध्ये स्वतंत्र लिहायचे असतात, प्रत्येकाला तारीख, ठिकाण आणि वेळ. घोटाळा नेमका इथे होतो. अधिकाऱ्याकडे वेळ नसतो, बाई रडत असते, आणि ‘लग्नापासून सतत मारहाण व छळ करतात’ एवढे एक वाक्य लिहून पान संपते. या वाक्याचा कोर्टात उपयोग शून्य. त्याऐवजी असे लिहायला सांगावे: ‘गौरी जेवणाच्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास, स्वयंपाकघरात, नवऱ्याने डावा हात पिरगळला, दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवले, केसपेपर जोडला आहे.’ तारीख आठवत नसेल तर सण, मुलाची परीक्षा, कोणाचे लग्न, पगाराचा दिवस यांवरून जुळवावी. अंदाजे असेल तर ‘सुमारास’ लिहावे. चुकीची तारीख ठामपणे लिहिली की उलटतपासणीत तेवढ्यावरूनच सगळे खोटे ठरवायचा प्रयत्न होतो.

आर्थिक हिंसेचा भाग बहुतेक फॉर्ममध्ये कोरा राहतो, याचे फार वाईट वाटते, कारण पोटगीचा पाया तोच आहे. घरखर्च न देणे, मुलांची फी थकवणे, बाईचे एटीएम कार्ड काढून घेणे, तिला कामावर जाऊ न देणे, तिचे दागिने गहाण टाकणे, हे सगळे इथे येते. स्त्रीधनाची यादी वेगळी जोडावी, आणि ‘सर्व दागिने’ असे न लिहिता एकेक वस्तू लिहावी: मंगळसूत्र, किती पदरी, साधारण किती ग्रॅम, पाटल्या दोन, कानातले, माहेरचे लोखंडी कपाट, शिलाई मशीन, पितळेची भांडी. कोणी दिले, आता कोणाकडे आहे, तेही. सराफाची पावती नसली तर लग्नातला तो दागिना दिसणारा फोटो चालतो. कलम 19 खाली स्त्रीधन परत देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकते, पण यादीत जे नाही ते परत मागणार कसे?

घराचा भाग सर्वात जपून भरावा. पहिली कित्येक वर्षे एक मोठा अडसर होता. घर सासूच्या नावावर असेल तर ते ‘सामाईक घर’ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या बत्रा निकालात धरले होते. आपल्याकडे फ्लॅट बहुतेक सासऱ्याच्या नाहीतर सासूच्या नावावर असतो, म्हणून तो हक्क कागदावरच राहिला. 15 ऑक्टोबर 2020 च्या सतीशचंदर आहुजा निकालाने ती व्याख्या बदलली. घर नातेवाइकाचे असले तरी संसार तिथे स्थिरपणे चालला असेल तर ते सामाईक घर ठरू शकते. त्यामुळे तिथे राहत होतो याचे पुरावे गोळा करावे: रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता, गॅसचे पुस्तक, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, त्या पत्त्यावर आलेली बँकेची पत्रे. घराबाहेर काढल्यावर हे कागद हाताला लागत नाहीत, म्हणून धोका दिसू लागला की मोबाइलवर फोटो काढून विश्वासाच्या माणसाला पाठवून ठेवावेत.

कोणाविरुद्ध अर्ज करायचा? मुंबईच्या हिरल हरसोरा प्रकरणात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या प्रतिवादीच्या व्याख्येतून ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले, त्यामुळे सासू-नणंदेचेही नाव घालता येते. पण घालता येते म्हणून सगळे घराणे घालू नये. परगावी राहणारी नणंद, म्हातारा चुलत सासरा यांच्याविरुद्ध एकही ठोस घटना नसेल तर ती नावे अर्ज कमकुवत करतात, शिवाय प्रत्येकाला नोटीस पोचवण्यात महिने जातात. आणि हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. मुलाच्या मारहाणीला कंटाळलेली आई, भावाने घराबाहेर काढलेली बहीण, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेली स्त्री, या सगळ्यांना अर्ज करता येतो. संरक्षण अधिकाऱ्यांच्या दारात आया फार कमी दिसतात. त्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

फॉर्मच्या शेवटी कोणते आदेश हवेत ते विचारलेले असते. तिथे ‘न्याय मिळावा’ असे लिहून मोकळे होऊ नये. कलम 18 खाली हिंसा थांबवण्याचा संरक्षण आदेश, 19 खाली घरात राहू देण्याचा किंवा वेगळ्या घराचे भाडे देण्याचा, 20 खाली पोटगी व खर्च, 21 खाली मुलांचा तात्पुरता ताबा, 22 खाली नुकसानभरपाई. पोटगीच हवी असली तरी 18 चा आदेश जरूर मागावा. कारण कलम 31 ची शिक्षा, 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ही संरक्षण आदेश मोडल्याबद्दल आहे. पोटगी थकली तर वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो. नवरा पगारी नोकर असेल तर मालकाने पगारातून थेट रक्कम द्यावी, असा आदेश कलम 20 मध्येच मागता येतो. फार कमी वकील तो मागतात, पण मिळाला तर दरमहा कोर्टाच्या पायऱ्या चढणे वाचते.

अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज त्याच दिवशी द्यावा, सोबत फॉर्म 3 मधले शपथपत्र. समोरचा येण्याआधीही कोर्ट कलम 23 खाली एकतर्फी आदेश देऊ शकते. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर, जो नागपूरच्या प्रकरणातून आला, दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणून ‘थोडे थांबून पाहू’ म्हणून घालवलेला प्रत्येक महिना पैशात मोजता येतो.

आता उणिवा. कायद्यात पहिली तारीख अर्जानंतर साधारण 3 दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा असे आहे. प्रत्यक्षात हे क्वचितच पाळले जाते. सर्वात जास्त वेळ नोटिशीत जातो. ती पोचवायची जबाबदारी संरक्षण अधिकाऱ्यावर, मुदत 2 दिवसांची, आणि त्याच्याकडे बऱ्याचदा आणखी दोन-तीन कामांचा पदभार. समोरच्याचा पत्ता अर्धवट असेल तर नोटीस परत येते आणि पुढची तारीख महिन्याने पडते. म्हणून घरचा पत्ता खुणेसकट, कामाच्या ठिकाणचा पत्ता आणि मोबाइल नंबर अर्जातच द्यावा.

दुसरी उणीव जास्त दुखते. अनेक ठिकाणी डीआयआर भरण्याआधीच दोन्ही बाजूंना बोलावून ‘संसार आहे, मिटवून घ्या’ असे सांगतात. कलम 14 खालचे समुपदेशन हे अर्ज दाखल झाल्यावर, मॅजिस्ट्रेटने सांगितले तर. त्याआधी बैठक लावणे ही कायद्याची अट नाही. तक्रार आली की डीआयआर भरणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. तो टाळत असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आणि डीआयआर नसला म्हणून दार बंद होत नाही: 2022 च्या प्रभा त्यागी निकालाप्रमाणे बाई थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकते, आणि माहेरी किंवा तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्याची हेल्पलाइन 15100.

अधिकारी कोण आहे ते जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे. रात्री-अपरात्री 181 (महिला हेल्पलाइन) किंवा 112 (आपत्कालीन सेवा) ला फोन करावा, आणि लगेच आसरा हवा असेल तर सखी वन स्टॉप सेंटर, जिथे साधारण 5 दिवसांपर्यंत राहता येते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमायला सांगितले आहे, त्यामुळे आपल्या तालुक्यात कोणी नाही असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे.

सही करण्याआधी डीआयआर पूर्ण वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे, आणि झेरॉक्स स्वतःकडे ठेवावी. आदेश झाल्यावर त्याची प्रत कोर्टाकडून मोफत मिळते. ती हद्दीच्या पोलीस ठाण्यातही गेली आहे ना, हे स्वतः जाऊन विचारावे, आणि ठाणे अंमलदाराला दाखवून आपल्या प्रतीवर शिक्का घ्यावा. दार पुन्हा बंद झाले की रात्री अकराला तिथून जीप निघते ती त्या शिक्क्यामुळे.