सरसकट पाळत की नेमकी पाळत?

लोकशाही सरकारंही पाळत ठेवतात आणि ठेवत राहणार. वाद उरतो तो पद्धतीचा.

सरसकट पाळतीत आधी सगळ्यांची माहिती गोळा करायची, संशयित नंतर शोधायचा. अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था हेच करत होती: कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला याच्या नोंदी, रोजच्या रोज. बोलणं ऐकत नाही, हा बचाव. पण मध्यरात्री डॉक्टरला आणि सकाळी वकिलाला फोन गेला, एवढ्यावरूनही पुष्कळ कळतं. २०१३ मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने हे उघड केलं. पुढच्या वर्षी तिथल्याच सरकारी देखरेख मंडळाला, या साठ्यामुळे दहशतवादाच्या तपासाला ठोस कलाटणी मिळाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही.

नेमक्या पाळतीत आधी संशयाला आधार, मग परवानगी. ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्यात मंत्र्याच्या सहीवर न्यायिक आयुक्ताची मंजुरीही लागते. (त्याच कायद्यात सरसकट पाळतीचीही सोय आहे, ते वेगळं.) यात वेळ जातो, आणि ज्याचं नावच कुणाला ठाऊक नाही तो निसटू शकतो. इथे सरसकट पाळतीची बाजू खरोखर भक्कम आहे. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानेही २०२१ मध्ये सरसकट पाळत मुळातच बेकायदा ठरवली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत संरक्षक तरतुदी मात्र हव्यात म्हटलं.

तरी माझा कौल नेमकीलाच. चूक झाली तर जाब विचारायला निदान एक अर्ज आणि एक सही असते. अमेरिकेनेही २०१५ मध्ये कायदा बदलला: नोंदी फोन कंपन्यांकडेच राहतील, सरकारने ठरावीक क्रमांकापुरता न्यायालयाचा आदेश आणावा.