टोनवाला रिपीटर आणि बाओफेंग यूव्ही-५आर: सेट चांगला, मेनू किचकट

रिपीटर म्हणजे हॅमचा (हौशी रेडिओवाल्यांचा) सिग्नल घेऊन तो पुढे पाठवणारं केंद्र; टोन लावलेला रिपीटर बोलण्याखाली ठरावीक बारीक टोन असेल तरच उघडतो. असा रिपीटर उघडायला बाओफेंगचा यूव्ही-५आर हा हातातला रेडिओ सेट पुरेसा आहे. ६७.० ते २५४.१ हर्ट्झपर्यंतचे ५० सीटीसीएसएस टोन (सतत जाणारे असे बारीक टोन) त्यात आहेत, शिवाय डीसीएसचे (टोनऐवजी आकडी कोड पाठवण्याची पद्धत) १०५ कोड सरळ आणि उलट अशा दोन्ही रूपांत मिळतात. तरीही 'रिपीटर उघडतच नाही' अशी तक्रार नव्या हॅमकडून ऐकू येतेच, आणि बहुतेक वेळा दोष सेटिंगचा असतो.

मेनू ११ (आर-सीटीसीएस) ऐकताना लागू होतो, मेनू १३ (टी-सीटीसीएस) बोलताना. रिपीटर उघडायला फक्त १३ लागतो. ११ सुरुवातीला बंदच ठेवा. अनेक रिपीटर बाहेर टोन सोडतच नाहीत किंवा वेगळा सोडतात. अशा वेळी ११ चालू असेल तर रिपीटर उघडूनही तुमचा सेट मुका राहतो आणि विनाकारण अँटेनावर संशय जातो.

मेमरीत भरताना जास्त चुका होतात. आधी मेनू ७ (टीडीआर, म्हणजे एकाच वेळी दोन फ्रिक्वेन्सींवर लक्ष ठेवणं) बंद करा, फ्रिक्वेन्सी मोडमध्ये वरच्या ओळीवर या आणि जुना चॅनेल मेनू २८ मधून पुसा. न पुसता वर भरायला गेलात तर भरला जात नाही. मग रिपीटरची आउटपुट फ्रिक्वेन्सी (जिच्यावर तुम्ही त्याला ऐकता) टाका, मेनू १३ मध्ये टोन निवडा, मेनू २७ मध्ये चॅनेल क्रमांक देऊन साठवा. आता इनपुट फ्रिक्वेन्सी (जिच्यावर तुम्ही त्याच्याशी बोलता) टाकून पुन्हा मेनू २७, तोच क्रमांक. आवाज चालू असेल तर सेट पहिल्यांदा 'रिसीव्हिंग मेमरी' आणि दुसऱ्यांदा 'ट्रान्समिटिंग मेमरी' म्हणतो. दुसरं वाक्य ऐकू आलं नसेल तर तुम्ही आउटपुटवरच बोलणार आहात. चॅनेल मोडमध्ये जाऊन टोन बदलला तर तो टिकत नाही; पुसून नव्यानेच भरावा लागतो. चॅनेल जास्त असतील तर केबल जोडून चर्प (संगणकावरून चॅनेल भरण्याचं सॉफ्टवेअर) वापरा, पण 'टीएसक्यूएल' आणि 'टोन' यांत गल्लत करू नका: टीएसक्यूएल निवडलं की ऐकतानाही टोन लागतो, आणि टोनचा आकडाही वेगळ्या रकान्यातून घेतला जातो.

सगळं बरोबर भरूनही रिपीटर अर्धवट उघडत असेल तर मेनू ५ (बँडविड्थ) पाहा. 'नॅरो' ठेवल्यावर टोनचं डेव्हिएशनही (फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) कमी होतं. ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या रिपीटरवर टोन साधारण ५०० ते ७५० हर्ट्झ डेव्हिएशनने जायला हवा. त्यापेक्षा फार कमी असेल तर रिपीटरचा डीकोडर (टोन ओळखणारा भाग) मध्येच सोडतो आणि बोलणं तुकड्यातुकड्याने जातं. मेनू ३५ (एसटीई, म्हणजे बोलणं संपल्यावरची खरखर दाबणं) रिपीटरसाठी बंद ठेवा. पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला. टोन ओळखायला डीकोडरला वेळ लागतो, आणि टोन जितका खालचा तितका जास्त. पहिला शब्द गिळला जातो तो यामुळेच.

टोन खरंच जातोय का, हे तपासायला दुसरा सेट सिम्प्लेक्सवर (रिपीटरशिवाय थेट, एकाच फ्रिक्वेन्सीवर) घ्या, त्याच्या मेनू ११ मध्ये तोच टोन लावा आणि कमी पॉवरवर तुमच्या सेटचा पीटीटी दाबा. तो उघडला तर तुमचा टोन ठीक आहे.

डीसीएस वापरणाऱ्यांनी उलटसुलटपणा जपावा: ०२३ उलटा आणि ०४७ सरळ हे प्रत्यक्षात एकच आहेत. रिपीटर चालवणाऱ्यांनी, वीज ५० हर्ट्झची असेल तर, १००.० हर्ट्झचा टोन टाळलेला बरा; वीजपुरवठ्याच्या गुणगुणीचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सी) नेमका तिथेच बसतो.

या सेटकडूनच काय, कुठल्याही सेटकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नका. टोनमुळे परका सिग्नल रिपीटरला उठवू शकत नाही, पण तो हवेतून नाहीसा होत नाही. तुम्ही बोलत असताना त्याच इनपुटवर जास्त जोरदार सिग्नल आला तर एफएममध्ये जोरदारच जिंकतो. तुमचा टोन दाबला गेल्याने रिपीटर तरी बंद पडतो, नाहीतर खरखर पुढे जाते. तिथे हस्तक्षेपाचा उगमच शोधावा लागतो.